शिक्षणही नाही, निवृत्तिवेतनही नाही! कारागृह सेवकांवरील दुहेरी अन्याय

म्हैसूर शहरात राजवाड्यापासून फार दूर नसलेली अग्रहार नावाची एक जुनी वस्ती आहे. वेदविद्येत पारंगत समजल्या गेलेल्या ब्राह्मणांना राजाने करमुक्त जमीन आणि घरे दान देऊन वसविलेले गाव किंवा पेठ, हा अग्रहार या शब्दाचा अर्थ. सरंजामी राजवटीने या एका शब्दात दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या : अर्हता, आणि त्या अर्हतेच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणारा निर्वाह. अर्हता जन्मावर ठरत असे आणि निर्वाह रयतेच्या घामातून येत असे. व्यवस्था अन्यायाची होती यात शंका नाही. पण ज्याच्यावर आपली सत्ता विसंबून आहे त्याच्या शिक्षणाची आणि म्हातारपणाची तरतूद एकत्रच करावी लागते, एवढे शहाणपण त्या सरंजामी राजालाही होते.

सरंजामशाही गेली, संस्थाने विलीन झाली. त्याच म्हैसूर शहरात आज मध्यवर्ती कारागृह आहे. कर्नाटक राज्याचे सर्वाधिक गाजलेले कारागृह तर बंगळूरजवळ परप्पन अग्रहार याच नावाच्या ठिकाणी उभे आहे. या कारागृहांच्या भिंतींआड जो माणूस आठवड्याचे सातही दिवस, रात्रपाळी-दिवसपाळीने किल्ल्यांचा जुडगा सांभाळतो, त्याच्याशी आजचे भांडवली राज्य कसे वागते? त्याला व्यवसायाचे खरे शिक्षण मिळत नाही आणि म्हातारपणी खात्रीचे निवृत्तिवेतनही मिळत नाही. अर्हता आणि निर्वाह या दोन्ही बाबतींत त्याचे हात रिकामे ठेवायचे, आणि कारागृहात काही अघटित घडले की पहिला दोर त्याच्याच गळ्यात अडकवायचा, असा हा एकूण कारभार आहे.

कर्नाटकात त्याला वॉर्डर म्हणतात, महाराष्ट्रात कारागृह शिपाई म्हणतात. सीमालढ्यातील सत्याग्रहींना ओळखीचे असलेले बेळगावजवळचे हिंडलगा कारागृह आणि म्हैसूरचे मध्यवर्ती कारागृह ही दोन्ही एकाच खात्याच्या अखत्यारीत येतात. तेव्हा हा प्रश्न कानडी मुलखाचा आहे, मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध काय, असे म्हणण्याला अर्थ नाही. येरवडा असो, हिंडलगा असो की म्हैसूर, प्रश्न एकच आहे.

गोऱ्या साहेबाचा वारसा

कारागृहाचे काम हे शिकण्याचे, कौशल्याचे काम आहे, हे ब्रिटिश सत्तेने कधीच मानले नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्याने कैद्यांमधूनच नेमलेल्या पहारेकऱ्यांना लोकसेवकाचा दर्जा देऊन ठेवला. म्हणजे दहा कैद्यांवर नजर ठेवायला अकरावा कैदी! पगार वाचला, माणूस वाचला, आणि कैद्यांत आपसांत फूट पाडण्याचे कामही आयतेच झाले. साम्राज्याचा हिशेब चोख होता. ज्या राज्याला कैद्याकडून दगड फोडून घ्यायचे आहेत आणि त्याला केवळ भिंतीआड कोंडायचे आहे, त्याला शिकलेला वॉर्डर कशाला हवा? लाठी आणि कुलूप पुरेसे होते.

१९१९-२० च्या अखिल भारतीय तुरुंग समितीने गुन्हेगाराची सुधारणा हे कारागृहाचे उद्दिष्ट असल्याचे प्रथम मान्य केले. उद्दिष्ट कागदावर बदलले. ते पार पाडणारा माणूस मात्र होता तिथेच राहिला. १९३५ च्या कायद्याने तुरुंग हा विषय प्रांतांकडे गेला आणि स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही तो राज्यांच्याच यादीत कायम राहिला. केंद्राने उपदेश करावा, राज्याने पैसे नाहीत म्हणावे आणि दोघांनी मिळून वॉर्डरच्या तोंडाला पाने पुसावीत, असा शिरस्ता पडला.

उपदेशाला मात्र कधी तोटा पडला नाही. १९५१-५२ साली संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेक्लेस भारतात आले आणि त्यांनी तुरुंग प्रशासनावर अहवाल दिला. १९५७ ते १९५९ या काळात अखिल भारतीय तुरुंग नियमपुस्तिका समिती बसली. १९८० साली न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तुरुंग सुधारणा समिती नेमली गेली. तिने १९८३ मध्ये अहवाल सादर केला. कारागृह आणि सुधारसेवा यांसाठी एक स्वतंत्र अखिल भारतीय सेवा उभारावी, ही तिची एक प्रमुख शिफारस होती. चाळीस वर्षे उलटून गेली तरी अशी सेवा अस्तित्वात आलेली नाही. २००३ आणि २०१६ साली आदर्श कारागृह नियमपुस्तिका निघाल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती अमिताव रॉय यांची समिती नेमली. मे २०२३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने १८९४ च्या कायद्याच्या जागी आणावयाचा आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम तयार करून राज्यांकडे पाठविला. कैद्यांच्या अंगावर बांधायची इलेक्ट्रॉनिक साधने, उच्च सुरक्षेची कारागृहे, दूरचित्रसंवाद यांचा डांगोरा या आदर्शाबरोबर मोठ्याने पिटला गेला. राज्यांवर तो बंधनकारक नाही, ही गोष्ट तितक्या मोठ्याने सांगितली गेली नाही. यंत्रांना पैसे आहेत. यंत्रापलीकडच्या माणसाला ते नाहीत.

अर्हता कोणाची आणि कोण ठरवणार?

म्हैसूरमध्ये कर्नाटक पोलीस अकादमी आहे. प्रशासनातील अधिकाऱ्यांसाठी प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. कारागृह अधिकाऱ्यांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी मात्र दक्षिणेतील राज्यांनी मिळून १९७९ साली तमिळनाडूत वेल्लोर येथे एक सामायिक संस्था काढली. महाराष्ट्रात येरवड्याला तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे. या संस्थांनी आपल्या परीने चांगले काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कारागृहाचा नव्वद टक्के व्यवहार ज्याच्या हातून होतो तो अधिकारी नसतो, तो वॉर्डर असतो. शाळेची परीक्षा उत्तीर्ण झालेला, उंची-छाती मोजून आणि धावण्याची चाचणी घेऊन निवडलेला तो तरुण कवायत शिकतो, बंदूक धरायला शिकतो, सलाम ठोकायला शिकतो. त्यानंतर त्याला बराकीच्या दाराशी उभे केले जाते. त्या दारामागे मानसिक रुग्ण आहे, क्षयरोगी आहे, जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे अडकलेला हमाल आहे, आई-बापांपासून तुटलेला वीस वर्षांचा मुलगा आहे. यांच्याशी कसे बोलावे, आत्महत्येची पूर्वलक्षणे कशी ओळखावीत, कैद्याचे कायदेशीर हक्क कोणते, हे त्याला कुणी आणि किती दिवस शिकविले?

हा प्रश्न पुस्तकी नाही. जानेवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या मध्यवर्ती कारागृहात बेकरीत काम करणारे तीन कैदी केकमध्ये घालावयाचा अर्क प्यायल्यामुळे मरण पावले. पोटदुखीची तक्रार घेऊन ते रुग्णालयात गेले. काय प्यायले हे त्यांनी आरंभी सांगितले नव्हते. कारागृहातील बेकरी, सुतारशाळा, विणकामशाळा ही सुधारणेची साधने म्हणून मिरविली जातात. पण तेथे पहाऱ्यावर असलेल्या माणसाला रसायनांची साठवण कशी करावी, विषबाधेची चिन्हे कोणती, व्यसनाधीन कैदी काय काय करू शकतो, याचे पद्धतशीर शिक्षण देणारी व्यवस्था या देशात कुठे आहे? ती नसताना एखाद्या वॉर्डरची चौकशी करून प्रकरण मिटविणे म्हणजे नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडे ठरविणे होय.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंग नियमपुस्तिकांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. स्वयंपाक उच्च जातीच्या कैद्याने करावा, झाडलोट आणि मैला साफ करण्याचे काम विशिष्ट जातींकडे द्यावे, काही जमातींना जन्मतः सराईत गुन्हेगार समजावे, अशा आशयाचे नियम स्वतंत्र भारताच्या नियमपुस्तिकांत पंचाहत्तर वर्षे टिकून होते. अग्रहारात अर्हता जन्मावर ठरत असे. कारागृहात शिक्षेचे कामही जन्मावर ठरत राहिले. आता नियम रद्द झाला. पण बराकीत कामाची वाटणी न्यायमूर्ती करीत नाहीत, ती वॉर्डर करतो. आपल्या आधीच्या वॉर्डरकडून जे पाहिले तेवढेच ज्याचे शिक्षण, त्याच्या हातून जुनी वाटणी आपोआप बंद होईल असे समजणे ही आत्मवंचना आहे. न्यायालयाचा निर्णय भिंतीच्या आत पोहोचवावयाचा असेल तर तो पोहोचविणाऱ्याला शिकवावे लागेल. दुसरा रस्ता नाही.

राज्यकर्त्यांपाशी यावर ठरीव उत्तर असते : शिस्तीसाठी वर पोलीस सेवेतील अनुभवी अधिकारी बसविले आहेत ना! होय, बसविले आहेत. बहुतेक राज्यांत कारागृह विभागाचे सर्वोच्च पद भारतीय पोलीस सेवेतून येणाऱ्या अधिकाऱ्याकडे असते. काही काळासाठी तो येतो आणि बदली होऊन जातो. ज्याने पकडायचे त्याच्याच खात्याने कोंडायचे आणि त्यानेच सुधारायचे, या विचित्र रचनेत कारागृह सेवेतून वर चढलेल्या माणसाला छत फार लवकर लागते. पोलीस अधिकाऱ्यांत सचोटीची माणसे नाहीत असे नव्हे. २०१७ मध्ये कर्नाटकातील कारागृह विभागाच्या उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी परप्पन अग्रहार कारागृहात धनवान आणि वजनदार कैद्यांना खास सवलती मिळत असल्याचा अहवाल दिला. काही दिवसांतच त्यांची बदली झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कारागृहात एका प्रसिद्ध अभिनेत्याचे हिरवळीवर खुर्ची टाकून बसल्याचे छायाचित्र बाहेर आले आणि कारागृहाचे अनेक कर्मचारी निलंबित झाले. दोन्ही घटनांचा अर्थ एकच आहे. वरून कुणी खरे बोलले तर त्याची बदली होते, खालून काही चुकले तर निलंबन होते. ज्या व्यवस्थेत पैसा भिंत ओलांडून आत येतो ती व्यवस्था मात्र जागच्या जागी राहते.

निवृत्तिवेतन : बक्षिसी नव्हे, हक्क

महाराष्ट्राच्या निवृत्तिवेतन नियमांत ‘अर्हताकारी सेवा’ असा एक शब्दप्रयोग आहे. जी सेवा निवृत्तिवेतनासाठी मोजली जाते ती अर्हताकारी सेवा. म्हणजे अर्हता हा शब्द कर्मचाऱ्याला दोनदा भेटतो : नोकरीच्या दारातून आत शिरताना आणि दारातून बाहेर पडताना. आत शिरताना त्याची अर्हता कसून तपासली जाते. बाहेर पडताना मात्र, गेल्या वीस वर्षांच्या धोरणाने, त्याची सारी सेवा जणू अर्हताशून्य करून टाकली आहे.

केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून भरती होणाऱ्यांसाठी जुने निवृत्तिवेतन बंद करून अंशदायी योजना आणली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून आणि कर्नाटकाने १ एप्रिल २००६ पासून तीच वाट धरली. परिणाम काय झाला ते एकाच कारागृहाच्या दाराशी उभे राहिले तरी दिसते. मार्च २००६ मध्ये रुजू झालेला वॉर्डर आणि एप्रिल २००६ मध्ये रुजू झालेला वॉर्डर. दोघांचा गणवेष एक, पहारा एक, बराक एक, रात्रपाळी एक. पहिल्याला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मे वेतन, त्यावर महागाईवाढ आणि त्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. दुसऱ्याने तीस वर्षे पगारातून दहा टक्के कापून द्यायचे, सरकार आपला हिस्सा घालणार, ती रक्कम बाजारात गुंतविली जाणार आणि निवृत्तीच्या दिवशी जे साचले असेल त्याच्या किमान चाळीस टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यायची. बाजार वर असेल तर नशीब, खाली असेल तर कपाळ. कैद्यांवर पहारा देणाऱ्या माणसाचे म्हातारपण सट्टेबाजांच्या पहाऱ्यात देऊन टाकले गेले.

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून उत्पन्न झालेला हक्क आहे, असे निःसंदिग्ध शब्दांत मांडले. केवळ एका तारखेची रेघ ओढून सारख्या निवृत्तांत भेद करणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असेही त्याच निर्णयात ठरले. त्या खटल्यात रेघ ३१ मार्च १९७९ ची होती. आज रेघ बदलली, तारीख बदलली. तत्त्व बदलले काय? तेहतीस वर्षांनी, योगायोगाने त्याच तारखेला, १७ डिसेंबर २०१५ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कैद्यांना द्यावयाच्या वागणुकीचे सुधारित किमान नियम स्वीकारले. स्वतः सत्तावीस वर्षे कारावास भोगलेल्या नेल्सन मंडेला यांचे नाव त्यांना देण्यात आले. कैद्यांच्या हक्कांसाठी लिहिलेल्या या नियमांतच कारागृह कर्मचाऱ्यांविषयीही स्पष्ट तरतुदी आहेत : तो व्यावसायिक असावा, नागरी सेवक असावा, त्याच्या नोकरीला शाश्वती असावी, वेतन पुरेसे असावे, कामावर येण्यापूर्वी आणि सेवेच्या काळातही त्याला प्रशिक्षण मिळावे. म्हणजे कैद्याची प्रतिष्ठा आणि कर्मचाऱ्याची सुरक्षितता या एकाच दस्तऐवजाच्या दोन बाजू आहेत. दिल्लीचे आणि बंगळूरचे राज्यकर्ते मात्र या दस्तऐवजाला भाषणात स्थान देतात, अंदाजपत्रकात देत नाहीत.

पैसे नाहीत, हे त्यांचे शेवटचे शस्त्र. ते कितपत खरे आहे? अंशदायी योजनेतही सरकारला आपला हिस्सा भरावाच लागतो. केंद्राने तो १० वरून २०१९ मध्ये १४ टक्क्यांवर नेला आणि १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत योजनेत १८.५ टक्क्यांपर्यंत वाढविला. शिवाय जुन्या निवृत्तांचे वेतनही चालू ठेवावे लागते. तिजोरीतून पैसा जातोच. फरक इतकाच की पूर्वी तो निवृत्ताच्या घरी जात असे, आता बाजाराच्या वाटेने जातो. ही काटकसर नव्हे, कामगारांच्या वेतनाचे वित्तभांडवलाकडे केलेले स्थलांतर आहे.

आणि हे अपरिहार्य आहे, ही मखलाशी तर इतिहासानेच खोटी ठरविली आहे. डाव्या आघाडीच्या काळात पश्चिम बंगाल आणि त्रिपुराने ही योजना स्वीकारली नाही. केरळात ती २०१३ साली संयुक्त लोकशाही आघाडीच्या राजवटीत आली, त्रिपुरात २०१८ साली डावे सत्तेतून गेल्यावर आली. कोणती वर्गशक्ती कोणत्या बाजूला उभी होती हे या तारखाच सांगतात. २०२२-२३ मध्ये राजस्थान, छत्तीसगढ, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांना जुनी योजना परत आणण्याचे निर्णय घ्यावे लागले. कर्नाटकात १ मार्च २०२३ रोजी सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि सरकारला त्याच दिवशी १७ टक्के अंतरिम वाढ व निवृत्तिवेतनासाठी समिती जाहीर करावी लागली. महाराष्ट्रात १४ ते २० मार्च २०२३ या काळात लाखो कर्मचारी आणि शिक्षक संपात उतरले; त्या रेट्यातूनच १ मार्च २०२४ रोजी राज्य सरकारला सुधारित योजनेची घोषणा करणे भाग पडले. केंद्राची एकीकृत योजना ही याच लढ्यांची अर्धीमुर्धी कबुली आहे. अर्धीमुर्धी यासाठी, की तिच्यात पूर्ण लाभासाठी पंचवीस वर्षांची सेवा लागते आणि कर्मचाऱ्याच्या पगारातील कपातही चालूच राहते.

‘तुरुंगवाल्यांसाठी आपण का लढायचे?’

हा प्रश्न चळवळीतूनच विचारला जातो आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. पोलीस, लष्कर, तुरुंग ही राज्यसंस्थेच्या दमनशक्तीची अंगे आहेत, हे एंगेल्स आणि लेनिन यांनी शिकविले. कम्युनिस्टांना तुरुंग पुस्तकातून कळलेला नाही. २९ मार्च १९४३ रोजी कय्यूरचे चार वीर कन्नूरच्या कारागृहात फासावर गेले. ११ फेब्रुवारी १९५० रोजी सेलमच्या कारागृहात गोळीबार झाला आणि २२ कम्युनिस्ट बंदी धारातीर्थी पडले. जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात एका बंदी स्त्रीचा मृत्यू झाला आणि सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. अशा कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी पक्षाने रस्त्यावर का उतरावे?

उत्तर स्पष्ट आहे. सेलमच्या गोळीबारामागचे धोरण वॉर्डरने ठरविले नव्हते. ज्याने कायदा मोडून बंद्याला मारले त्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात गणवेष आड येऊ देता कामा नये. या बाबतीत पक्षाची भूमिका कधीही डळमळलेली नाही. पण अडाणीपणा आणि असुरक्षितता यांमुळे क्रूर हात दुबळा होत नाही, तो अधिकच क्रूर होतो. अशा क्रूरतेची किंमत कोण मोजतो? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि त्यांत ५,७३,२२० माणसे कोंबलेली होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. गुन्हा सिद्ध झालेला नाही, खटला संपलेला नाही, जामिनाला पैसा नाही. हे दलित आहेत, आदिवासी आहेत, मुसलमान आहेत, भूमिहीन मजूर आहेत. कारखानदाराचा मुलगा आत गेला तर त्याला हिरवळ आणि खुर्ची मिळते. शिकलेल्या, निर्भय वॉर्डरची गरज या गरिबाला आहे. सहा कैद्यांमागे एक पहारेकरी हे प्रमाण आदर्श नियमपुस्तिकेनेच सांगितले. प्रत्यक्षात मंजूर पदांपैकी सुमारे तीस टक्के पदे रिकामी आहेत. ज्याच्यावर दोन-तीन माणसांचे काम लादले आहे आणि ज्याला उद्याची भाकरी दिसत नाही, त्याच्या हातून बंद्याला माणुसकी कशी मिळणार? त्याच्या हातातील किल्ली विकत घ्यायला धनिक नेहमीच तयार असतो. निवृत्तिवेतनाची खात्री हे लाचलुचपतीवरचे एकमेव औषध नव्हे, पण ती काढून घेणे हे लाचेला दिलेले उघड आमंत्रण आहे.

आणि वॉर्डर येतो कोठून? तोही कोरडवाहू शेतकऱ्याचा, गिरणी बंद पडलेल्या कामगाराचा, शेतमजुराचाच मुलगा असतो. गणवेषातील या माणसाला संपाचा मार्ग बंद आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी आपल्या मागण्यांसाठी आवाज उठविला तेव्हा तो कसा चिरडला गेला हे महाराष्ट्र विसरलेला नाही. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने तुरुंग कर्मचाऱ्यांचा संपाचा हक्क हिरावून घेतला. तेथे पोलिसाला साठाव्या वर्षी मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी नव्या योजनेतील तुरुंग कर्मचाऱ्याला अडुसष्ट वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते आणि त्याविरुद्ध त्यांची संघटना झगडत आहे. संघटनेचा हक्क हिरावला की निवृत्तीचे वय कसे पुढे सरकते, याचा हा धडा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तुरुंग कर्मचाऱ्यांचा संघटनेचा हक्क मानला आहे. भारत सरकारने संघटनस्वातंत्र्याच्या ८७ व्या आणि सामुदायिक सौद्याच्या ९८ व्या करारांना अद्याप मान्यता दिलेली नाही. ज्यांना स्वतः संप करता येत नाही त्यांच्या मागण्या उचलून धरणे हे संघटित कामगारवर्गाचे कर्तव्य ठरते. वॉर्डरच्या बाजूने जर कामगारवर्ग उभा राहिला नाही, तर राज्यकर्ता वर्ग त्याला कामगारवर्गाविरुद्ध उभा करील.

एका सापळ्यापासून सावध

अर्हतेची मागणी करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कारागृह सेवा व्यावसायिक करावयाची म्हणजे भरतीच्या दारावर खाजगी महाविद्यालयांच्या महागड्या पदव्यांचे कुलूप लावावयाचे, असा अर्थ राज्यकर्ते लावू पाहतील. तसे झाले तर जन्माने मिळणाऱ्या अर्हतेच्या जागी पैशाने मिळणारी अर्हता येईल. एक अग्रहार मोडून दुसरा वसविला जाईल. शेतमजुराच्या मुलाला ही नोकरीही दुरापास्त होईल. नॉर्वेमध्ये तुरुंग कर्मचारी होण्यापूर्वी दोन वर्षांचे उच्च शिक्षण घ्यावे लागते, पण त्या शिक्षणाच्या काळात त्याला पगार मिळतो. भांडवली देशातदेखील संघटित श्रमिकांच्या दबावाखाली हे शक्य होत असेल, तर भारतात का नाही? भरती शाळेच्या शिक्षणावर, शिक्षण सरकारच्या खर्चाने, शिकण्याच्या काळात पूर्ण वेतन आणि शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर बढती, हाच कामगारवर्गाचा मार्ग आहे.

हे या मातीत रुजत नाही असे कुणी म्हणू नये. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत काढली. भिंतीविना, विश्वासावर कैद्यांना वसविण्याचा तो प्रयोग होता. त्यावरून प्रेरणा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेल्या चित्रपटातील तुरुंगाधिकाऱ्यावर साऱ्या देशाने प्रेम केले. पडद्यावरच्या त्या एका माणसाला पारितोषिके मिळाली. प्रत्यक्षातल्या हजारो माणसांना तसे घडविणारी यंत्रणा उभारणे मात्र कुठल्याही सरकारला सुचले नाही.

मागण्या आणि लढा

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली, कारागृह सेवा पोलीस खात्याच्या ताब्यातून सोडवून स्वतंत्र व्यावसायिक सेवा म्हणून उभारावी आणि वॉर्डरपासून सर्वोच्च पदापर्यंत बढतीचा मार्ग खुला ठेवावा. दुसरी, प्रत्येक वॉर्डरला कामावर येण्यापूर्वी आणि नंतर ठराविक काळाने, पूर्ण पगारी, कायदा, मानसशास्त्र, आरोग्य आणि जातिनिर्मूलन यांचा समावेश असलेले शिक्षण मिळावे. तिसरी, सर्व रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत; कंत्राटी पहारा नको. चौथी, तारखेचा भेद रद्द करून सर्वांना कपातीविना निश्चित निवृत्तिवेतन आणि कुटुंब निवृत्तिवेतन द्यावे. कामाचे जोखमीचे स्वरूप लक्षात घेऊन निवृत्तीची आणि वैद्यकीय उपचारांची खास तरतूद करावी. पाचवी, संघटनेचा हक्क मान्य करावा. सहावी, आणि इतर पाचही मागण्यांचा कस पाहणारी : बंद्याच्या छळाबद्दल कर्मचाऱ्याला आणि त्याला आदेश देणाऱ्यालाही सारखीच शिक्षा झाली पाहिजे.

या मागण्या एकमेकींपासून तोडता येणार नाहीत. निवृत्तिवेतन न देता अर्हता मागणे म्हणजे वॉर्डरवर लादलेले आणखी एक ओझे. अर्हता न देता निवृत्तिवेतन देणे म्हणजे अडाणीपणाला दिलेले संरक्षण. आणि बंद्याच्या हक्काविना दोन्ही दिले तर ती कामगारवर्गाची मागणी उरतच नाही. कर्मचारी संघटनांनी निवृत्तिवेतनाच्या लढ्यात कारागृह कर्मचाऱ्यांचा प्रश्न ठळकपणे घ्यावा, वकील आघाड्यांनी आणि विद्यार्थी-युवक संघटनांनी बंद्यांच्या प्रश्नाबरोबर तो जोडावा, आणि पक्षाच्या शाखांनी आपल्या भागातील कारागृहाच्या वसाहतीपर्यंत जाऊन तो मांडावा. म्हैसूरपासून येरवड्यापर्यंत भिंतीच्या आतला गरीब आणि भिंतीवरचा गरीब या दोघांना एकमेकांचे शत्रू म्हणून वापरणाऱ्या राज्यकर्त्या वर्गाचा डाव उधळून लावण्याचे काम संघटित श्रमिकांखेरीज दुसरे कुणी करणार नाही.